वाचक विचारतात: जुन्या कॅमेऱ्याच्या तळाचे आटे

या वेळी निवडलेली सगळी पत्रे एकाच जागेभोवती फिरतात: कॅमेऱ्याच्या बुडाला असलेले ट्रायपॉडचे भोक. फिल्मवर फोटो काढणारे पुन्हा वाढले आहेत, माळ्यावरचे कॅमेरे खाली आले आहेत, आणि आजच्या ट्रायपॉडवर ते बसत नाहीत. त्यासाठी लागणारा बुश, म्हणजे आत-बाहेर आटे असलेली धातूची नळी, नखाएवढा असतो. पण तो चुकीचा बसला तर कॅमेऱ्याचे बूड फाटते, आणि तसे बूड आता नवे मिळत नाही. म्हणून काही उत्तरे मुद्दाम सविस्तर दिली आहेत.

घरातला जुना झॉर्की-४ साफ करून घेतला. नव्या ट्रायपॉडचा स्क्रू भोकात जातो, पण कुठेच पकडत नाही, नुसता डुगडुगतो. आटे झिजले असतील का? दुकानदार म्हणतात, स्क्रूला नळाची पांढरी टेप गुंडाळा. (सातारा)

टेप गुंडाळू नका. तुमचे आटे शाबूत असावेत, भोकच मोठ्या मापाचे आहे. ट्रायपॉडच्या स्क्रूची दोन मापे जगभर चालतात आणि आयएसओ १२२२ या मानकात दोन्ही आहेत. लहान माप १/४ इंच, त्यात इंचाला २० आटे. मोठे ३/८ इंच, त्यात इंचाला १६ आटे. वर्कशॉपच्या भाषेत दोन सूत आणि तीन सूत, कारण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिलिमीटरमध्ये ६.३५ आणि ९.५२५. आज मिळणाऱ्या बहुतेक ट्रायपॉडच्या प्लेटवर दोन सुती स्क्रू असतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे रोलायफ्लेक्स, कॉन्टॅक्स असे जर्मन कॅमेरे आणि त्याच वळणाचे सोव्हिएत झॉर्की, फेड, किएव यांच्या बुडाला मात्र बहुधा तीन सूत असते. सोव्हिएत कारखाने पुढे दोन सुतावर आले, त्यामुळे एकाच नावाच्या दोन कॅमेऱ्यांत दोन मापे सापडतात. मॉडेलच्या नावावर विसंबू नका, व्हर्निअर (बारीक माप घ्यायचा सरकत्या जबड्यांचा कॅलिपर) लावा.

व्हर्निअरचे आतले जबडे भोकात घाला. आट्यांच्या शेंड्यांमधले अंतर ८ मिमीच्या जवळ आले तर तीन सूत, ५ मिमीच्या जवळ आले तर दोन सूत. माप स्क्रूपेक्षा कमी येते याने गोंधळून जाऊ नका. भोकात आटे आतल्या बाजूला आलेले असतात.

तीन सूत निघाले की एक बुश हवा, बाहेरून ३/८-१६ आणि आतून १/४-२० आटे असलेला. मुंबईच्या बोरा बाजारात किंवा ऑनलाइन मागताना ही चारही मापे सांगा, नुसते ‘ट्रायपॉड ॲडॉप्टर’ म्हणू नका; त्या नावाखाली उलट्या जातीचेही बरेच काही मिळते. बुश दोन प्रकारचे येतात. एकाला वर कॉलर असते, दुसरा सरळ नळीसारखा आणि तोंडाला खाच असलेला. आमची पसंती बहुतेक कॅमेऱ्यांना बिनकॉलरच्या बुशला, कारण कॉलर एक-दीड मिलिमीटर वर राहते, कॅमेऱ्याचे बूड प्लेटला टेकत नाही आणि सगळा कॅमेरा त्या एका चकतीवर डोलतो. भोकाच्या तोंडाशी कॉलर मावेल एवढा खळगा असेल तर कॉलरवाला खुशाल घ्या. भोक आतून उघडे असेल तर कॉलरवालाच घ्या, म्हणजे बुश आत निसटणार नाही. फेड-२ आणि झॉर्की-४ यांची पाठ बुडासकट सुटी होते, त्यामुळे भोक आतून बंद आहे की उघडे हे फिल्म काढून सहज बघता येते.

धातू पितळ किंवा पोलाद. ॲल्युमिनियमचे रंगीत बुश टाळा. हातात धरून बघितले तर कारण दिसते: बाहेरच्या आट्यांच्या दरीचा व्यास साधारण ७.६ मिमी, आतल्या आट्यांचा ६.३५. दोन्हींच्या मध्ये उरलेली भिंत जेमतेम ०.६ मिमी. तेवढ्या जाडीचे ॲल्युमिनियम एखाद्या जड लेन्सच्या झटक्याने चिरते, आणि चिरलेला बुश भोकात फुगून बसतो.

आता बसवायची रीत. भोकाची खोली काडीने मोजा. बुश त्यापेक्षा निदान अर्धा मिलिमीटर कमी लांबीचा हवा, जास्त असेल तर खालच्या टोकाला सपाट कानशीवर घासा. जुन्या पितळेवर हिरवट कळक आणि वाळलेले ग्रीस असते. ते टूथब्रश आणि लायटरच्या पेट्रोलने काढा, कॅमेरा उभा धरून, भोक खाली करून, म्हणजे मळ आत न जाता बाहेर गळेल. मग बुश बोटांनी लावा. आधी उलटा, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध, हळूच फिरवा. एका जागी ‘टक्’ असा बारीक खड्डा जाणवतो, तिथे आट्याचे तोंड आट्याला भिडलेले असते. तिथून सुलटा फिरवा. पहिले दोन फेरे बोटांनीच गेले पाहिजेत. जात नसेल तर बुश तिरका आहे, बाहेर काढून पुन्हा सुरू करा. पेचकस फक्त शेवटच्या पाव फेऱ्याला. शेवटी बुशाचे तोंड बुडाच्या पातळीत किंवा केसभर आत असावे.

बुश बसवला, काम झाले असे वाटले. पण कॅमेरा ट्रायपॉडवरून काढताना बुश स्क्रूबरोबरच बाहेर येतो. एकाने लाल लॉकटाइट (आटे चिकटवायचा द्रव) लावायला सांगितले. लावू का? (नाशिक)

लाल लावू नका. तो सोडवायला साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. तेवढ्या उष्णतेत कॅमेऱ्याचे कातडे जळते, त्याखालची लाख वितळते आणि शटरमधले वंगण पातळ होऊन पसरते. एकदा लाल लावलात की तो बुश कायमचा.

आधी बुश का निघतो ते तपासा. दोन कारणे असतात. सरळ कारण हे की आतल्या स्क्रूची पकड बुशाच्या बाहेरच्या पकडीपेक्षा जास्त आहे. जो सैल तो आधी फिरणार. दुसरे कारण जास्त घातक. ट्रायपॉडचा स्क्रू लांब असेल तर तो बुशाच्या आरपार जाऊन भोकाच्या तळाला टेकतो आणि तिथून जॅकसारखा बुशाला बाहेर ढकलतो. अशा वेळी चिकटवलेला बुश तर निघत नाहीच, पण कॅमेऱ्याचे आटे उपटतात. म्हणून आधी स्क्रूची लांबी मोजा (पुढचे उत्तर बघा), मगच चिकटवा.

चिकटवायला निळा लॉकटाइट २४३ किंवा त्याहून हलका, जांभळा २२२ पुरे. तीन सुती बुशाला आम्ही २२२ सुचवतो, पुढच्या माणसाला तो पेचकसाने काढता येतो. बुश आणि भोक दोन्ही पेट्रोलने धुवून कोरडे करा, टाचणीच्या टोकाएवढा एकच थेंब बुशाच्या मधल्या आट्यांवर लावा, खालच्या टोकाला नाही. बुश बसवल्यावर बाहेर आलेले लगेच पुसा. हे द्रव्य हवा नसलेल्या जागी, धातूच्या सान्निध्यात घट्ट होते. बाहेर राहिलेले ओलेच राहते आणि ओघळून भलतीकडे जाते. २४ तास कॅमेऱ्याला हात लावू नका. पितळ आणि साधे पोलाद यांवर ते चांगले धरते. ॲल्युमिनियम, स्टेनलेस आणि मुलामा दिलेल्या धातूवर हळू आणि कच्चे धरते.

बूड प्लॅस्टिकचे असेल तर लॉकटाइटचे नावच काढू नका, त्याने बरीच प्लॅस्टिके तडकतात.  धातूच्या कॅमेऱ्याला नखांना लावायचे पॉलिशही चालते. काढायचे झाले की ॲसिटोनचा एक थेंब खाचेत सोडायचा, पाच मिनिटे थांबायचे. मात्र प्लॅस्टिक आणि रंगवलेल्या भागावर ॲसिटोन पडू देऊ नका.

ट्रायपॉडवर असताना फिल्म पुढे सरकवायला जड जाते. काढला की सुरळीत. कॅमेऱ्यात बिघाड आहे की ट्रायपॉडमध्ये? (डोंबिवली)

स्क्रू लांब आहे. तो भोकाच्या तळाला टेकून आतला पत्रा वर ढकलतो आणि तो पत्रा दात्यांना किंवा स्पूलला घासतो. तातडीने थांबवा, काही कॅमेऱ्यांत भोकाचा तळ म्हणजे नुसती पातळ पत्र्याची टोपी असते आणि ती सुटून आत पडू शकते.

आगपेटीची काडी भोकात उभी घाला, बुडाच्या पातळीला नखाने खूण करा आणि मोजा. समजा ५.५ मिमी आली. प्लेटवरून, म्हणजे रबर किंवा बुचाच्या पट्टीच्या वरून, स्क्रू जास्तीत जास्त ४.५ मिमी बाहेर असावा. पट्टी दाबली जाते हे विसरू नका, ती अंगठ्याने दाबूनच मोजा. दोन सुती आट्याची पायरी (शेजारच्या दोन आट्यांमधले अंतर) १.२७ मिमी, म्हणजे ४.५ मिमीमध्ये साडेतीन फेरे मिळतात. तेवढे भरपूर आहेत. तीन फेऱ्यांपेक्षा कमी मात्र नको.

लांब स्क्रूवर वायसर चढवून लांबी कमी करायची सवय अनेकांना असते. तसे केले की कॅमेरा वायसरच्या १५-१६ मिमी चकतीवर तोलला जातो आणि थोडे बाजूने ढकलले की आट्यांवर पहारीसारखा जोर येतो. स्क्रूच कापा. आधी स्क्रूवर दोन सुती नट पार खालपर्यंत चढवा, मग हॅक्सॉने टोक कापा, कड कानशीने तिरपी घासा आणि नट उलटा फिरवत बाहेर काढा. बाहेर येताना नट कापलेले आटे सरळ करून जातो. नट आधी चढवायला विसरलात तर फाटक्या तोंडाचा स्क्रू हाती येतो, आणि तोच पुढे कॅमेऱ्याचे आटे खातो.

गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याने ६ एमएमचा बोल्ट लावून प्लेट करून दिली. दोन फेरे जातो आणि अडकतो. थोडा जोर लावला तर बसेल का? (परभणी)

थांबा, जोर लावू नका. ६ एमएम बोल्ट आणि दोन सुती बोल्ट डोळ्यांना सारखे दिसतात, पण एकाची जाडी ६ मिमी आणि आट्यांची पायरी १ मिमी, दुसऱ्याची जाडी ६.३५ आणि पायरी १.२७. बारीक असल्यामुळे ६ एमएम बोल्ट भोकात शिरतो, पण दर फेऱ्याला ०.२७ मिमीचा फरक साचत जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला आट्यावर आटा चढतो. जोर लावलात तर पोलादी बोल्ट जिंकेल आणि पितळी किंवा ॲल्युमिनियमचे भोक हरेल. उलट प्रकारही होतो: ६ एमएमच्या नटात दोन सुती स्क्रू कोंबला की नट फाटतो.

इथे व्हर्निअर उपयोगाचा नाही, कारण दोन्ही भोकांची आतली मापे ५ मिमीच्या आसपास येतात. पिच गेज (आट्यांची पायरी तपासायची दातेरी पाती) लावा. तो नसेल तर ओळखीच्या दोन सुती बोल्टचे आटे संशयित बोल्टच्या आट्यांत रुतवून उजेडासमोर धरा. सारखे असतील तर फट दिसत नाही, वेगळे असतील तर चौथ्या-पाचव्या आट्यापाशी उजेड डोकावतो.

हार्डवेअरच्या दुकानात, मुंबईत नागदेवीला असो की पुण्यात बोहरी आळीत, दोन सुती बोल्ट मागितला तर बहुधा बीएसडब्ल्यू, म्हणजे व्हिटवर्थ आट्यांचा मिळतो. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये मांडलेली ही आट्यांची पद्धत. आट्याचा कोन ५५ अंश. आताच्या ट्रायपॉडचे आटे यूएनसी, म्हणजे अमेरिकी जाड आट्यांच्या पद्धतीचे, कोन ६० अंश. १/४ आणि ३/८ या दोन्ही मापांत दोघांची इंचाला आट्यांची संख्या एकच असल्यामुळे पाच मिलिमीटरच्या खोलीत ते एकमेकांत चालतात. जुने युरोपीय कॅमेरे तर मुळात व्हिटवर्थचेच. चालत नाहीत ते बारीक आटे: १/४ बीएसएफ (इंचाला २६) आणि १/४ यूएनएफ (इंचाला २८). टॅप (भोकात आटे पाडायचे हत्यार) विकत घेताना ‘पाव इंची’ एवढेच म्हणून चालत नाही, ‘वीस आट्यांचा’ हेही सांगा.

यशिकामॅट ट्रायपॉडवर लावून काढलेल्या रोलवर खालच्या कडेने प्रकाश शिरल्याचे पट्टे येतात. हातात धरून काढलेले फोटो स्वच्छ. दाराच्या कडेचा प्रकाश अडवणारा फोम नवा टाकला, फरक नाही. (पणजी)

फोमचा यात दोष नाही. यशिकामॅट, रोलायफ्लेक्स, रोलायकॉर्ड या दुहेरी लेन्सच्या कॅमेऱ्यांत पाठ आणि बूड मिळून एकच दार असते. ते वर, पाठीशी बिजागरीवर फिरते आणि खाली कडीने बंद होते. ट्रायपॉडचे भोक त्या दाराच्या बुडात, कडीच्या चकतीच्या मधोमध. म्हणजे ट्रायपॉडवर कॅमेऱ्याचे सगळे ओझे दारावर. प्लेट छोटी असली आणि स्क्रू करकचून आवळला की बुडाचा पत्रा मधून खाली ओढला जातो आणि पुढच्या कडेला केसाएवढी फट पडते. फिल्मला तेवढी पुरते.

रोलायवाल्यांनी यासाठीच रोलायफिक्स नावाची पकड काढली होती. तुमच्या कॅमेऱ्याला काम करेल अशी प्लेट घरी होते. ३ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, कॅमेऱ्याच्या बुडाएवढी, म्हणजे चारही पाय तिच्यावर टेकतील अशी कापा. मध्ये ६.५ मिमीचे भोक. वर २ मिमी बूच चिकटवा, पण कडीच्या चकतीभोवती बुचात गोल मोकळी जागा ठेवा. चकती बुचावर दाबली गेली तर कडी अर्धी फिरून दार उघडू शकते. चकती पायांपेक्षा किती वर-खाली आहे ते पट्टी आडवी धरून बघा आणि बुचाची जाडी त्याप्रमाणे कमी-जास्त करा. ओझे चार पायांवर आले पाहिजे, स्क्रूचे काम फक्त धरून ठेवायचे. प्लेट ३ मिमीने वाढली, तेव्हा स्क्रूची लांबी पुन्हा मोजा. आवळताना अंगठा आणि तर्जनी एवढेच, नाणे नको.

तपासायला खोलीत अंधार करा, दार उघडून आत मोबाइलचा दिवा ठेवा, दार लावा, कॅमेरा प्लेटवर आवळा आणि खालची शिवण निरखा. हलक्या हाताने आवळल्यावर अंधार आणि जोराने आवळल्यावर उजेडाची रेघ दिसली की निदान पक्के.

दोन सुती भोकाचे आटे पूर्ण गेले आहेत. स्क्रू आत-बाहेर होतो. एम-सील भरून पुन्हा भोक पाडू का? (अकोला)

एम-सील नको. त्यात पाडलेले आटे दोन-तीन महिन्यांत चुरा होऊन निघतात आणि नंतरच्या दुरुस्तीला स्वच्छ धातू शिल्लक ठेवत नाहीत.

पूर्ण गेले असे वाटले तरी कित्येकदा पहिले दीड-दोन आटेच मुडपलेले असतात आणि खाली चांगले असतात. टॉर्च तिरका धरून बघा. तसे असेल तर आटे सरळ करणारे हत्यार घरीच करा: दोन सुती, २० आट्यांचा पोलादी बोल्ट घ्या, त्रिकोणी कानशीने टोकापासून १० मिमी लांब अशा तीन खाचा उभ्या पाडा. खाचांच्या कडा धारदार राहतात, त्या मुडपलेले आटे सरळ करतात, आणि कीस खाचांत साठतो. खाचांत ग्रीस भरा, भोक खाली धरा, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे. टॅपपेक्षा हे बरे, कारण टॅप नवा धातू कापतो आणि आधीच पातळ आटे आणखी पातळ होतात.

खरोखर काही उरले नसेल तर दोन मार्ग. पहिला हेलिकॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे. १/४-२० च्या हेलिकॉइलला ६.७५ मिमीचे भोक, त्याच्याच संचातला खास टॅप, आणि मग वेटोळे. खोली फक्त पाच-सहा मिलिमीटर असल्यामुळे वेटोळे छोटे घ्यावे लागते आणि शेवटचा, सपाट टोकाचा टॅप लागतो. तीन टॅपच्या संचातला पहिला टॅप इथे फसवतो. त्याचे टोक निमुळते असते आणि भोकाचा तळ लागेपर्यंत त्याने एकही पूर्ण आटा पाडलेला नसतो.

दुसरा मार्ग आम्हाला जास्त आवडतो. भोक तीन सुताचे करा आणि बुश बसवा. पुढे कधी आटे गेले तर बुश बदलायचा, कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. ७.९ किंवा ८ मिमीचे ड्रिल, मग ३/८-१६ टॅप. पण आधी बूड उघडून बघा: भोकाभोवतीचे गोल ठोकळे बाहेरून निदान १२ मिमी जाड हवे. पातळ पत्र्याला आतून रिव्हेट केलेला छोटा ठोकळा असेल तर हा मार्ग बंद, तिथे हेलिकॉइलच. बूड सुटे करता येत नसेल तर ड्रिल लावूच नका. ॲल्युमिनियमचा एक कण शटरच्या दात्यांत गेला तर त्याच्या दुरुस्तीपुढे हे भोक काहीच नाही. ॲल्युमिनियमला रॉकेलचा थेंब द्या, पितळ कोरडेच कापा. ड्रिलवर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळा, आणि हातातले यंत्र टाळा. स्टँडवरच्या ड्रिलनेच भोक उभे जाते.

तीन सुती बुश मिळाला नाही. कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर करून घेणार आहे. टर्नरला काय सांगू? (इचलकरंजी)

कागदावर लिहून द्या. १२ मिमी पितळी गज. आतून ५.१ मिमी ड्रिल, १/४-२० यूएनसी टॅप. बाहेरून ३/८-१६, बाहेरचा व्यास ९.४ ते ९.४५ मिमी, म्हणजे नाममात्र मापापेक्षा थोडा कमी. जुन्या भोकात तो सुखाने जातो. लांबी तुमच्या भोकाच्या खोलीपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी. दोन्ही टोकांना आत-बाहेर ४५ अंशांची छोटी चँफर, म्हणजे तिरपी कड. तोंडावर १.२ मिमी रुंद, १.२ मिमी खोल खाच, आरपार.

दोन गोष्टी तोंडी बजावा. पहिली, आतले आटे आधी, गज भरीव जाड असतानाच पाडायचे, आणि बाहेरचे नंतर. उलट केले तर ०.६ मिमीची भिंत टॅपच्या दाबाने फुगते आणि बुश भोकात शिरत नाही. दुसरी, लेथवर १६ टीपीआयचा (इंचाला १६ आट्यांचा) गिअर लावायचा. घाईत १.५ मिमी पिच लावला जातो, कारण खरा आकडा १.५८७५ आहे आणि दिसायला जवळचा वाटतो. तीन आट्यांत पाव मिलिमीटरचा फरक पडतो आणि बुश अर्ध्यात अडकतो. एकाच वेळी पाच-सहा करून घ्या. सेटिंगलाच वेळ लागतो, कापायला नाही. घेण्याआधी बाहेरून तीन सुती नट आणि आतून दोन सुती बोल्ट चढवून बघा.

जुन्या स्टुडिओतला सागवानी प्लेट कॅमेरा मिळाला आहे, वागीश्वरी. बुडाची पितळी पट्टी सैल झाली असून लाकडातले स्क्रू फिरतात. आधुनिक ट्रायपॉडवर चढवायचा आहे. (सोलापूर)

जपून करण्यासारखी वस्तू आहे. वागीश्वरी कॅमेरे केरळमधल्या आलप्पुळ्याला के. करुणाकरन यांनी बनवले आणि देशभरच्या स्टुडिओंनी ते वापरले. म्हणून मूळ पितळी पट्टी टाकू नका आणि तिला नवे भोकही पाडू नका.

आधी लाकूड. स्क्रू काढा, भोकातला भुगा झटका. जाड स्क्रू घालायचा मोह टाळा, त्याने सागवान रेषेने चिरते. सागाच्याच बारीक काड्या करा, लाकडाच्या गोंदात बुडवून भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या, वर आलेले धारदार पटाशीने सपाट कापा. सागाला अंगचे तेल असते, म्हणून गोंद लावण्याआधी भोक आतून ॲसिटोनने पुसा, पॉलिशवर थेंब उडू न देता. मग मूळ स्क्रूच्या गाभ्याएवढे बारीक भोक पाडा. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू मेण लावून पूर्ण आत घाला आणि बाहेर काढा; त्याने लाकडात वाट होते. मग पितळी स्क्रू. थेट पितळी घातला तर डोके तुटून हातात येते आणि धड लाकडात राहते. लोखंडी स्क्रू तसाच ठेवू नका, पावसाळ्यात त्याभोवती काळा डाग उमटतो.

पट्टीतले भोक मोजा. तीन सूत असेल तर बुश नको, ट्रायपॉडच्या बाजूला तीन सुती स्क्रूची प्लेट घ्या. एवढ्या वजनाला दोन सूत अपुरे नाही, पण लांब बेलोज (कॅमेऱ्याचा घड्यांचा भाता) बाहेर आल्यावर वजन पुढे जाते आणि मोठा स्क्रू डुलत नाही. बऱ्याच ट्रायपॉडचे डोके पायांवर तीन सुतानेच बसलेले असते. डोके काढून त्या स्क्रूवर कॅमेरा थेट बसवता येतो, फक्त मध्ये १५० मिमी लांब, १२ मिमी जाड प्लायचा तुकडा घाला आणि स्क्रूची लांबी त्याप्रमाणे घ्या. लाकडी बुडाला धातूची छोटी प्लेट थेट लावू नका, ती सागात रुतून गोल वण पाडते.

बुश अडकला आहे. खाच झिजून गोल झाली आहे. काढता येईल का? (ठाणे)

येईल, घाई नसेल तर. आधी ॲसिटोनचा थेंब, पंधरा मिनिटे, पुन्हा थेंब. निम्मे बुश नेलपॉलिशनेच धरलेले असतात. मग खाच नव्याने खोल करा, चपट्या सुई-कानशीने, कीस बाहेर फुंकत. पेचकस नेहमीचा नको. त्याचे टोक निमुळते असते, खाचेत वर चढते. ९ मिमी रुंद आणि खाचेत घट्ट बसेल एवढ्या जाडीची पोलादी पट्टी कापून तिचे टोक चौकोनी घासा, पट्टी पान्यात धरा, वरून दाब ठेवून फिरवा.

तुटलेले स्क्रू काढायचे उलट्या आट्यांचे निमुळते हत्यार इथे वापरू नका. ते आतून रुतताना पातळ भिंत बाहेर पसरवते आणि बुश आणखी घट्ट होतो. पट्टीनेही निघाला नाही तर आतले आटे सोडून द्या आणि लेथवाल्याकडून ७ मिमीपर्यंत बोअर करून घ्या. उरलेली कवची इतकी पातळ असते की टोकदार चिमट्याने एका जागी आत वाकवली की आट्याच्या वळणाने उलगडत बाहेर येते. बूड सुटे करूनच हे काम द्या, कॅमेरा लेथच्या चकमध्ये धरू देऊ नका.

बुश बसवल्याने संग्राहकांच्या दृष्टीने कॅमेऱ्याची किंमत कमी होते का? (पुणे)

न चिकटवलेल्या किंवा नेलपॉलिशने धरलेल्या बुशाने नाही. भोक मोठे केले, हेलिकॉइल घातला किंवा लाल लॉकटाइट लावला तर होते, आणि विकताना तसे सांगायला हवे. मूळ आटे चांगले असतील तर बुश फक्त वापरापुरता ठेवा आणि कॅमेऱ्याच्या पिशवीत एका डबीत, तो फिरवायच्या पोलादी पट्टीसकट जपा.